जुन्या आलिशान मोटारींमधील स्वयंचलित गिअरबॉक्स

जुन्या आलिशान मोटारींमधील स्वयंचलित गिअरबॉक्स हा मोटारीच्या शक्तिसंक्रमण यंत्रणेचा एक भाग असून, चालकाने क्लच न दाबता व हाताने गिअर न बदलता तो वेग आणि भार यांनुसार योग्य गिअर निवडतो. मर्सिडीज-बेंझ, बीएमडब्ल्यू, आउडी इत्यादी कंपन्यांच्या मोटारींत हा गिअरबॉक्स दीर्घकाळापासून प्रचलित आहे. योग्य देखभाल झाल्यास तो लाखो किलोमीटर टिकू शकतो. तेल, तापमान किंवा विद्युत जोडण्यांकडे दुर्लक्ष झाल्यास मात्र तो मोटारीतील सर्वांत खर्चिक बिघाडांपैकी एक ठरतो. पंधरा वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या मोटारीचे बाजारमूल्य कमी झालेले असते, तर गिअरबॉक्सच्या सुट्या भागांच्या किमती त्या प्रमाणात उतरत नाहीत. त्यामुळे गिअरबॉक्सची अवस्था हीच अनेकदा मोटार रस्त्यावर राहणार की भंगारात जाणार हे ठरवते. नागपूरसारख्या तीव्र उन्हाळ्याच्या शहरात हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

## इतिहास

स्वयंचलित गिअरबॉक्समधील द्रवचालित जोडणीचे मूळ जर्मन अभियंता हेरमान फॉटिंगर यांच्या संशोधनात आहे. त्यांनी १९०५ मध्ये जहाजांच्या शक्तिसंक्रमणासाठी द्रवगतिकीय परिवर्तकाचे पेटंट घेतले. मोटारींसाठी मोठ्या प्रमाणावर उत्पादित झालेला पहिला पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स म्हणजे जनरल मोटर्सचा हायड्रा-मॅटिक. तो १९३९ मध्ये ओल्ड्समोबिलच्या १९४० च्या मॉडेलसाठी सादर झाला. मर्सिडीज-बेंझने स्वतः विकसित केलेला चार गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्स १९६१ मध्ये बाजारात आणला. त्यानंतर गिअरची संख्या वाढत गेली. मर्सिडीजचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा पाच गतींचा गिअरबॉक्स (७२२.६) १९९६ मध्ये आणि सात गतींचा (७२२.९) २००३ मध्ये आला. झेडएफ या जर्मन कंपनीचा सहा गतींचा ६एचपी गिअरबॉक्स २००१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या ७ मालिकेत, तर आठ गतींचा ८एचपी २००९ मध्ये वापरात आला.

### महाराष्ट्रातील पार्श्वभूमी

भारतातील आलिशान मोटारींच्या जुळणीत महाराष्ट्राचे स्थान महत्त्वाचे आहे. मर्सिडीज-बेंझ इंडियाची स्थापना १९९४ मध्ये झाली आणि १९९५ मध्ये पुण्याजवळ टेल्कोच्या आवारात ई-क्लास मोटारींची जुळणी सुरू झाली. २००९ मध्ये कंपनीचा चाकण येथील कारखाना कार्यान्वित झाला. स्कोडा ऑटोने २००१ मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे जुळणी सुरू केली आणि पुढे त्याच कारखान्यात आउडीच्या मोटारीही तयार होऊ लागल्या. बीएमडब्ल्यूचा कारखाना २००७ मध्ये चेन्नईजवळ सुरू झाला.

ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबाद येथील उद्योजक व व्यावसायिकांच्या गटाने सुमारे १५० मर्सिडीज मोटारी एकत्रितपणे खरेदी केल्या. सुमारे ६५ कोटी रुपयांच्या या खरेदीची देशभर चर्चा झाली. मुंबई-पुण्याबाहेरील महाराष्ट्रात आलिशान मोटारींची बाजारपेठ तयार झाल्याचे ते ठळक उदाहरण मानले जाते. त्या काळात विकल्या गेलेल्या मोटारींनी आता वयाची पंधरा वर्षे गाठली असून, त्यांतील अनेक दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाकडे असणे स्वाभाविक आहे. देखभालीच्या जुन्या नोंदी उपलब्ध नसण्याची अडचण याच टप्प्यावर निर्माण होते.

## रचना व कार्य

पारंपरिक स्वयंचलित गिअरबॉक्सचे चार मुख्य घटक असतात.

* टॉर्क कन्व्हर्टर – हा इंजिन व गिअरबॉक्स यांमधील द्रवचालित दुवा आहे. इंजिनाकडील पंपचक्र तेल फेकते व त्या प्रवाहाने गिअरबॉक्सकडील टर्बाइन फिरते. मोटार थांबलेली असतानाही इंजिन सुरू राहू शकते ते यामुळेच. दोन्ही चक्रांच्या वेगातील फरकामुळे उष्णता निर्माण होते. ठरावीक वेगानंतर आतील 'लॉक-अप' क्लच दोन्ही बाजू थेट जोडतो आणि ही उष्णता घटते.
* ग्रहीय दंतचक्र संच – मध्यवर्ती दंतचक्राभोवती फिरणाऱ्या लहान दंतचक्रांच्या या संचातील वेगवेगळे भाग रोखून किंवा जोडून विविध गुणोत्तरे मिळवली जातात.
* बहुचकती क्लच – घर्षणस्तर बसवलेल्या चकत्या तेलात बुडालेल्या असतात. तेलाच्या दाबाने त्या आवळल्या जातात आणि गिअर बदलतो.
* व्हॉल्व बॉडी व नियंत्रण संगणक – सोलेनॉइडच्या साहाय्याने तेलाचा दाब योग्य क्लचकडे वळवला जातो. झेडएफ ६एचपी व मर्सिडीज ७२२.९ यांमध्ये नियंत्रण संगणक गिअरबॉक्सच्या आत, तेलातच बसवलेला असतो. अशा एकत्रित भागाला 'मेकाट्रॉनिक' म्हणतात.

या यंत्रणेत तेल केवळ वंगण नसते. ते शक्ती वाहून नेते, क्लच आवळते, उष्णता बाहेर नेते आणि क्लचमधील घर्षणाचे गुणधर्मही ठरवते. गिअरबॉक्सच्या टिकाऊपणाची बहुतांश चर्चा तेलाभोवती फिरते, याचे कारण हेच आहे.

### इतर प्रकार

सर्व स्वयंचलित मोटारींत टॉर्क कन्व्हर्टर असतोच असे नाही. आउडीच्या ए४ व ए६ या मोटारींच्या काही आवृत्त्यांत 'मल्टिट्रॉनिक' हा सतत बदलत्या गुणोत्तराचा, साखळीवर चालणारा गिअरबॉक्स होता. फोक्सवॅगन समूहाच्या इतर अनेक मोटारींत दोन क्लचचा 'डीएसजी' वापरला गेला. २००३ मध्ये आलेल्या सहा गतींच्या डीएसजीतील क्लच तेलात बुडालेले असतात, तर २००८ मध्ये आलेल्या सात गतींच्या लहान आवृत्तीत ते कोरडे असतात. प्रत्येक प्रकाराची देखभाल वेगळी असल्याने मोटारीत नेमका कोणता गिअरबॉक्स आहे याची खात्री करणे ही देखभालीची पहिली पायरी ठरते.

## 'आजीवन तेल' ही संकल्पना

१९९० च्या दशकापासून अनेक युरोपीय उत्पादकांनी आपल्या गिअरबॉक्समधील तेल 'आजीवन' असल्याचे, म्हणजे ते बदलण्याची गरज नसल्याचे जाहीर केले. कृत्रिम तेलांची सुधारलेली प्रत हे त्यामागील तांत्रिक कारण होते. मात्र 'आजीवन' या शब्दातील आयुष्य किती वर्षांचे, हे मालकाच्या दृष्टीने अस्पष्टच राहिले. पहिल्या मालकाच्या वापराचा काळ आणि वीस वर्षे मोटार चालवू इच्छिणाऱ्या पुढील मालकाची अपेक्षा यांत मोठे अंतर असते.

गिअरबॉक्सची निर्माती असलेली झेडएफ कंपनी आपल्या गिअरबॉक्ससाठी वापराच्या स्वरूपानुसार ८०,००० ते १,२०,००० किमी किंवा आठ वर्षांनी तेल बदलण्याची शिफारस करते. मर्सिडीजच्या ७२२.६ गिअरबॉक्ससाठी सुरुवातीला नियतकालिक तेलबदल सांगितलेला नव्हता, परंतु पुढे त्याचा वेळापत्रकात समावेश झाला. ओल्या क्लचच्या सहा गतींच्या डीएसजीसाठी ६०,००० किमीचे अंतर ठरलेले आहे. मोटार कमी चालली तरी वयानुसार तेलाचे ऑक्सिडीकरण, रबरी सीलांचे कडक होणे व आर्द्रतेचा शिरकाव या क्रिया चालूच राहतात.

## बिघाडाची कारणे

### तेलाचा ऱ्हास

गिअरबॉक्समधील तेल सामान्यतः ८० ते ९५ °से. तापमानाला काम करते. या पट्ट्याच्या वर गेल्यास ऑक्सिडीकरण झपाट्याने वाढते. तापमान दर १० अंशांनी वाढले की रासायनिक क्रियेचा वेग साधारणतः दुप्पट होतो, हा ढोबळ नियम येथेही लागू पडतो. खराब झालेल्या तेलामुळे व्हॉल्व बॉडीच्या सूक्ष्म मार्गांत चिकट थर जमतो, व्हॉल्व अडकतात आणि दाब अनियमित होतो. घर्षण नियंत्रित करणारी रसायने संपल्यावर लॉक-अप क्लच सलग पकडण्याऐवजी थरथरत पकडतो. झिजलेल्या चकत्यांची भुकटी तेलात मिसळून पुढील झीज वाढवते.

### शीतक मिसळणे

अनेक मोटारींत गिअरबॉक्सच्या तेलाचा शीतक-कक्ष रेडिएटरच्या टाकीत बसवलेला असतो. जुन्या रेडिएटरमध्ये आतील सांधा फुटल्यास इंजिनाचे कूलंट तेलात मिसळते. त्यातील ग्लायकॉल व पाणी क्लचच्या कागदी घर्षणस्तरात शोषले जातात व तो स्तर सुटू लागतो. तेलाचा रंग दुधट गुलाबी होणे हे याचे लक्षण आहे. ही अवस्था लक्षात येईपर्यंत बहुधा क्लचचे नुकसान झालेले असते. म्हणून पंधरा वर्षांच्या मोटारीत मूळ रेडिएटर असल्यास तो वेळीच बदलणे हा गिअरबॉक्स वाचवण्याचा तुलनेने स्वस्त उपाय समजला जातो.

### विद्युत व सीलविषयक दोष

गिअरबॉक्सचा प्रत्येक बिघाड यांत्रिक नसतो. मर्सिडीज ७२२.६ मध्ये विद्युत जोडणीच्या प्लगचे रबरी कडे कडक झाल्यावर तेल बाहेर झिरपते आणि वायरीच्या आतून वर चढून नियंत्रण संगणकापर्यंत पोहोचू शकते. याच गिअरबॉक्समधील वेगसंवेदक असलेली विद्युत पट्टी निकामी झाल्यास गिअरबॉक्स सुरक्षित अवस्थेत जातो. त्या वेळी मोटार पुन्हा सुरू केल्यावर केवळ दुसरा व उलटा गिअर मिळतो. झेडएफ ६एचपीमध्ये मेकाट्रॉनिकच्या जोडणीची बाही आणि तेलमार्गांमधील सील वयोमानाने गळतात. त्याची तेलाची कढई प्लास्टिकची असून फिल्टर तिच्यातच बसवलेला असल्याने फिल्टर बदलताना संपूर्ण कढई बदलावी लागते.

असे सील, प्लग किंवा विद्युत पट्टी बदलण्याचा खर्च संपूर्ण गिअरबॉक्स उघडण्याच्या खर्चाच्या मानाने अल्प असतो. योग्य निदान न करता 'गिअरबॉक्स गेला' असा निष्कर्ष काढल्यास मालकाचे मोठे आर्थिक नुकसान होऊ शकते. अशक्त बॅटरीमुळे व्होल्टेज घटूनही खोटे दोषसंकेत नोंदले जातात. त्यामुळे निदानाची सुरुवात बॅटरी, तेलाची पातळी व संगणकातील दोषसंकेत यांपासून करणे इष्ट असते.

## नागपूरमधील परिस्थिती

### उन्हाळा

नागपूरमध्ये मे महिन्यात कमाल तापमान अनेकदा ४५ °से.च्या पुढे जाते व ४७ °से.च्या वरच्या नोंदीही आहेत. मे महिन्याच्या अखेरचा 'नवतपा' हा विदर्भातील सर्वांत कडक उन्हाचा काळ मानला जातो. शीतकरणाची क्षमता तेल व हवा यांच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते. ९५ °से. तेल व २० °से. हवा असल्यास हा फरक ७५ अंश असतो. हवा ४५ °से. असल्यास तो ५० अंशांवर येतो. म्हणजेच इतर परिस्थिती समान असता उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता सुमारे एक-तृतीयांशाने घटते. युरोपातील हवामानासाठी ठरवलेले तेलबदलाचे अंतर येथे जसेच्या तसे लागू करता येत नाही, ते यामुळे.

वातानुकूलनाचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असल्याने आत जाणारी हवा आधीच तापलेली असते. सीताबर्डीसारख्या गर्दीच्या भागात मोटार वारंवार थांबत-चालत असताना लॉक-अप क्लच जोडला जात नाही आणि समोरून वाराही मिळत नाही. या स्थितीत टॉर्क कन्व्हर्टरमधील तेल सर्वाधिक तापते. रेडिएटरच्या जाळीत साचलेली धूळ व कीटक आणि मंदावलेला पंखा यांमुळे परिणाम आणखी तीव्र होतो.

### महामार्ग व घाट

नागपूर ते मुंबई हा ७०१ किमी लांबीचा समृद्धी महामार्ग आहे. त्याचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी व अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी वाहतुकीस खुला झाला. सपाट भागात मोटारींसाठी १२० किमी प्रतितास ही वेगमर्यादा आहे. अशा सलग प्रवासात लॉक-अप क्लच जोडलेला राहत असल्याने निरोगी गिअरबॉक्सवर ताण कमी असतो. परंतु तेलगळती असलेल्या किंवा शीतकरण अपुरे असलेल्या मोटारीत दोष याच प्रवासात उघड होण्याचा संभव असतो. याउलट परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे जाणाऱ्या घाटात कमी वेग, मोठा भार व वारंवार गिअरबदल असतो. अशा वेळी हस्तनिवडीने खालचा गिअर धरून ठेवल्यास अनावश्यक गिअरबदल टळतात, आणि उतरताना इंजिनाचा ब्रेक म्हणून उपयोग होतो.

वाटेत बंद पडलेली स्वयंचलित मोटार दोरीने ओढणे धोक्याचे असते. तेलाचा पंप इंजिनावर चालतो; इंजिन बंद असताना चालकचाके फिरत राहिल्यास गिअरबॉक्सला वंगण मिळत नाही. काही उत्पादकांच्या पुस्तिकांत 'न्यूट्रल'मध्ये ५० किमी प्रतितासपर्यंतच्या वेगाने व ५० किमीपर्यंतच ओढण्याची मुभा आहे. सपाट मालवाहू गाडीवर चढवून नेणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग होय.

### पूर

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे झालेल्या अतिवृष्टीनंतर अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला व नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. घरांसह अनेक वाहने पाण्याखाली गेली. गिअरबॉक्सला आतील दाब समतोल ठेवण्यासाठी श्वसननलिका असते. मोटार बुडाल्यास त्या नलिकेतून किंवा जुन्या सीलांतून पाणी आत जाऊ शकते. अशी मोटार सुरू न करता प्रथम इंजिन व गिअरबॉक्सचे तेल तपासणे आवश्यक असते. इंजिन सुरू केल्यास पाणी तेलात मिसळून सर्व क्लचपर्यंत पोहोचते आणि टाळता येण्यासारखे नुकसान कायमचे होते. पूरग्रस्त मोटारी पुढे जुन्या बाजारात येत असल्याने खरेदीदारासाठीही ही बाब महत्त्वाची आहे.

## बिघाडाची लक्षणे

* 'डी' किंवा 'आर' निवडल्यावर मोटार हलण्यास एक-दोन सेकंदांहून अधिक विलंब लागणे.
* गिअर बदलताना धक्का बसणे, किंवा इंजिनाचा वेग वाढूनही मोटारीचा वेग न वाढणे.
* स्थिर वेगात, खडबडीत पट्ट्यांवरून जात असल्यासारखी थरथर जाणवणे.
* मोटार एकाच गिअरमध्ये अडकणे व सूचनाफलकावर दोषदर्शक दिवा लागणे.
* तेल काळपट होणे व त्याला जळका वास येणे, किंवा ते दुधट दिसणे.
* मोटार उभी असलेल्या जागी लालसर तेलाचे डाग पडणे.

यांपैकी काही लक्षणे इंजिनाच्या रबरी आधारांच्या झिजेमुळे किंवा इंजिनातील दोषामुळेही उद्भवतात.

## देखभाल

तेलाची निवड. प्रत्येक गिअरबॉक्ससाठी उत्पादकाने मान्य केलेले मानक असते. उदाहरणार्थ, मर्सिडीजच्या ७२२.६ व सुरुवातीच्या ७२२.९ साठी २३६.१४ हे मानक, तर झेडएफ ६एचपीसाठी लाइफगार्ड ६ हे तेल वापरले जाते. 'सर्व मोटारींसाठी चालते' अशा वर्णनाच्या तेलात घर्षणाचे गुणधर्म वेगळे असू शकतात.

तेलबदल. कढई काढून तेल सोडल्यास साधारणतः निम्म्याच्या आसपास तेल निघते. उरलेले टॉर्क कन्व्हर्टर, व्हॉल्व बॉडी व शीतक-कक्षात राहते. त्यामुळे काही अंतराने दोनदा बदल करणे किंवा यंत्राच्या साहाय्याने संपूर्ण तेल बदलणे असे दोन पर्याय आहेत. फिल्टर व कढईचे गॅस्केट प्रत्येक वेळी बदलले जाते. कढईतील चुंबकावर बारीक करडी भुकटी असणे सामान्य आहे, परंतु धातूचे कण किंवा तुकडे हे अंतर्गत झिजेचे लक्षण होय.

पातळी मोजणे. पुष्कळ जर्मन मोटारींत चालकाला वापरता येईल अशी तेलमापक पट्टी नसते. झेडएफ ६एचपीमध्ये इंजिन सुरू ठेवून तेल ३० ते ५० °से. दरम्यान असताना भरणछिद्रातून ओघळ येईपर्यंत तेल भरतात. तेल प्रसरण पावत असल्याने चुकीच्या तापमानाला मोजलेली पातळी कमी किंवा अधिक भरते. नागपूरच्या उन्हाळ्यात उभी मोटारही ४० °से.च्या पुढे तापलेली असू शकते. म्हणून हे काम पहाटे किंवा सावलीत, तापमान संगणकावर पाहून करणे सोयीचे ठरते.

अनुकूलन. तेलबदलानंतर नियंत्रण संगणकातील जुनी समायोजने पुसून नव्याने शिकवण्याची प्रक्रिया काही गिअरबॉक्समध्ये आवश्यक असते.

वापराच्या सवयी. उलट्या गिअरमधून पुढच्या गिअरमध्ये जाताना मोटार पूर्ण थांबवणे, उतारावर उभी करताना प्रथम हातब्रेक लावून मग 'पी' निवडणे, आणि उतारावर 'न्यूट्रल'मध्ये मोटार न सोडणे या सवयींनी झीज कमी होते.

### दुर्लक्षित गिअरबॉक्समधील तेलबदल

दीर्घकाळ तेल न बदललेल्या गिअरबॉक्समध्ये नवे तेल घातल्यावर तो बंद पडतो, असा समज प्रचलित आहे. झिजलेल्या चकत्यांची भुकटी जुन्या तेलात राहून घर्षणास मदत करते आणि नव्या तेलातील स्वच्छक रसायने साचलेला मळ सोडवून मार्ग बंद करतात, असे त्यामागील स्पष्टीकरण दिले जाते. दुसरीकडे, तेलबदलाचा विचार बहुतेक वेळा बिघाड जाणवू लागल्यावरच केला जातो. त्यामुळे आधीच सुरू झालेल्या नाशाचा दोष नव्या तेलाला दिला जातो. गिअरबॉक्स सुरळीत चालत असल्यास दाब न वापरता, कढई काढून टप्प्याटप्प्याने तेल बदलणे हा मध्यम मार्ग मानला जातो. क्लच घसरू लागला असल्यास तेलबदलाने तो दुरुस्त होत नाही. त्यासाठी गिअरबॉक्स उघडावा लागतो.

## जुनी मोटार खरेदी करताना

तेलबदलाची लिखित नोंद, थंड अवस्थेतील पहिली सुरुवात, अर्ध्या तासाहून अधिक काळाची चाचणी फेरी आणि निदानयंत्राद्वारे दोषसंकेतांचे वाचन या चार गोष्टी महत्त्वाच्या समजल्या जातात. अनेक दोष तेल पूर्ण तापल्यावरच जाणवतात, तर सीलांचे दोष थंड अवस्थेत दिसतात. त्यामुळे विक्रेत्याने आधीच तापवून ठेवलेल्या मोटारीची चाचणी अपुरी ठरते. परराज्यातून आलेल्या मोटारीचा देखभाल-इतिहास मिळवणे अधिक कठीण असते. मोटारीच्या किमतीबरोबरच गिअरबॉक्सच्या संभाव्य दुरुस्तीची रक्कम बाजूला ठेवणे व्यवहार्य ठरते.

## कायदेशीर बाबी

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी वैध असते व त्यानंतर ती पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकृत करता येते. नागपूर परिसरातील मोटारींची नोंदणी एमएच-३१ (शहर), एमएच-४० (ग्रामीण) व एमएच-४९ (पूर्व) या क्रमांकांनी होते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये करण्यात आले. महाराष्ट्रात जुन्या वाहनांवर पर्यावरण करही आकारला जातो. वाहन भंगार धोरण १३ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर झाले. त्यानुसार वाहनाचे वय हा एकमेव निकष नसून योग्यता चाचणी निर्णायक असते. या चाचणीत ब्रेक, दिवे, सुकाणू, धूर इत्यादींची तपासणी होते. गिअरबॉक्सची अंतर्गत झीज तपासली जात नाही. त्यामुळे योग्यता प्रमाणपत्र असलेल्या मोटारीचा गिअरबॉक्सही सुस्थितीत आहे, असे गृहीत धरता येत नाही.

## हे सुद्धा पहा

* गिअरबॉक्स
* मर्सिडीज-बेंझ
* चाकण
* समृद्धी महामार्ग
* नागपूर